वादळाची सूचना आणि किनाऱ्यावरील जनता

मे महिना सरत आला, रोहिणी नक्षत्र लागले, की कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वीच्या कामांची एकच धांदल उडते. घरांच्या कौलांची परतणी करावयाची असते, गोठे शाकारावयाचे असतात, सरपण कोरड्या जागी हलवावयाचे असते, शेतांत भाजावळ होऊन पेरण्या तोंडावर आलेल्या असतात. बंदरावर नौका वर ओढून झापांखाली झाकण्याचे काम चालू असते. आणि नेमक्या याच दिवसांत अरबी समुद्रात चक्रीवादळे उद्भवण्याचा संभव असतो. त्यांचा पहिला हंगाम मे-जूनचा, दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. ऐन पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, समुद्र कितीही खवळलेला दिसला तरी तेथे खरे चक्रीवादळ क्वचितच तयार होते. खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांच्या दिशा आणि वेग यांत त्या काळात इतकी तफावत असते की, आवर्ताला उभे राहण्यास अवसर मिळत नाही. पावसाळ्याचे दोन उंबरठे तेवढे धोक्याचे, असे म्हणावयास हरकत नाही.

किनाऱ्यावरील माणसाला वारा-पावसाची भीती नसते. त्याचे सारे आयुष्य उधाण-भरतीच्या हिशेबावर चालते. त्यामुळेच वादळाची सूचना हाती पडल्यावर तो काय करतो, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. सूचना वेळेवर देणे हे शास्त्राचे काम आहे आणि गेल्या काही दशकांत ते पुष्कळच सुधारले आहे. सूचना ऐकून माणूस जागचा हलतो की नाही, यावर मात्र अखेरीस जीवितहानीचा आकडा ठरतो.

सूचना येते कशी

कलकत्त्यास ५ ऑक्टोबर १८६४ रोजी मोठे चक्रीवादळ झाले. त्यात झालेल्या भीषण प्राणहानीनंतर १८६५ मध्ये त्या बंदराला वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. पुढे १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना झाली. म्हणजे आपल्या देशात वादळाची सूचना ही हवामान खात्याहूनही दहा वर्षांनी वडील आहे.

आज ही सूचना चार टप्प्यांनी दिली जाते. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना निघते. किनाऱ्यावर खराब हवामान सुरू होण्याच्या किमान ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा व किमान २४ तास आधी धोक्याचा इशारा देतात. शेवटी, वादळ जमिनीवर आल्यानंतर आतील भागांत काय होईल, याचा अंदाज किमान १२ तास अगोदर सांगतात. दुसऱ्या टप्प्याला पिवळा, तिसऱ्याला नारिंगी आणि चौथ्याला लाल रंग ठरवून दिलेला आहे. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की त्या आवर्ताला चक्रीवादळ म्हणतात आणि त्याला नाव मिळते. वेग ८९ किलोमीटरवर गेला की ते तीव्र चक्रीवादळ होते, ११८ किलोमीटरवर अतितीव्र होते. नावे उत्तर हिंदी महासागराभोवतीच्या देशांनी सुचविलेल्या यादीतून क्रमाने घेतात. २०२० मध्ये आलेल्या नव्या यादीत तेरा देशांची १६९ नावे आहेत आणि त्यांतील पहिलेच नाव महाराष्ट्राच्या वाट्याला आले. ते म्हणजे बांगला देशाने सुचविलेले ‘निसर्ग’.

बंदरांवर मात्र अजूनही जुनी भाषा चालते, ती बावट्यांची. एक ते अकरा असे या संकेतांचे क्रमांक आहेत. वस्तुतः दिवसा शंकू आणि पिंपासारखे आकार व रात्री लाल-पांढरे दिवे टांगतात. पण कोळीवाड्यांत त्यांना सरसकट बावटाच म्हणतात. पहिल्या दोन क्रमांकांचा अर्थ, संकट दूर समुद्रात आहे. तिसरा व चौथा क्रमांक स्थानिक सावधगिरीचा व इशाऱ्याचा. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. अकरावा लागला तर सूचना देणाऱ्या केंद्राशी असलेला संपर्कच तुटला, असे समजावयाचे.

या व्यवस्थेतील एक अडचण येथेच नोंदविली पाहिजे. जोरदार मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तीन क्रमांकाचा बावटा कोकणातील बंदरांवर अनेकदा चढतो आणि काही वेळा दिवसच्या दिवस तेथेच राहतो. साहजिकच किनाऱ्यावरची नजर त्याला सरावते. तीनाचे चार झाले, हा फरक कागदावर फार मोठा असतो. घराच्या ओटीवर बसून पाहणाऱ्याला तो तितका मोठा दिसत नाही.

ऐकणे आणि मानणे

सूचना लोकांपर्यंत पोचली की काम झाले, अशी एके काळी समजूत होती. ती १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री मोडली. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलेल्या त्या वादळात किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, वादळ येत असल्याचे त्या भागातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ठाऊक होते. परंतु पक्क्या इमारतीचा आसरा घेणारे शेकडा एकाच्या आसपास होते. बातमी नव्हती म्हणून माणसे मेली, असे त्या किनाऱ्याबाबत म्हणता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असाच इशारा निघाला होता आणि त्या मानाने हानी थोडी झाली होती. नोव्हेंबरच्या इशाऱ्याकडे लोकांनी ऑक्टोबरच्या आठवणीतून पाहिले.

याला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाही. सूचना ऐकल्यावर माणूस प्रथम खातरजमा करतो. तो बाहेर येऊन आभाळ पाहतो. शेजारी काय करतात ते पाहतो. मुंबईला असलेल्या मुलाला फोन लावतो. गावातील जाणत्या तांडेलाला विचारतो. आभाळ निरभ्र असेल, समुद्र शांत असेल, तर हाती आलेल्या सूचनेपेक्षा डोळ्यांना दिसणारे त्याला अधिक खरे वाटते. दुर्दैव असे की, वादळ दोनशे-तीनशे किलोमीटरवर असताना किनाऱ्यावर कित्येकदा खरोखरच काहीही जाणवत नाही. फार तर समुद्राला लांब लाटांचा भरणा येतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने आलेले हे निसर्गवाचन मोसमी पावसाच्या बाबतीत उपयोगी पडते. पण एका रात्रीत जोर धरणाऱ्या आवर्तापुढे ते अपुरे पडते. ‘निसर्ग’ वादळ १ जून २०२० रोजी अजून चक्रीवादळ झालेले नव्हते. २ जूनला त्याचे चक्रीवादळ झाले. ३ जूनच्या पहाटे ते तीव्र झाले आणि त्याच दिवशी दुपारी त्याने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला.

खातरजमेत जाणारा वेळ वाया गेला असे मानू नये. तो कमी करता येतो, पण टाळता येत नाही. म्हणून एकच मजकूर अनेक तोंडांनी आणि एकाच अर्थाने पोचणे महत्त्वाचे ठरते. आकाशवाणीवरून एक, दूरचित्रवाणीवर दुसरे आणि मोबाइलवर फिरणाऱ्या जुन्या चित्रफितीतून तिसरेच, असे झाले की माणूस आपल्याला सोयीचे ते खरे मानतो. ‘निसर्ग’च्या वेळी किनाऱ्यावरील गावांत सरपंच, पोलीस पाटील, तलाठी आणि कोतवाल घरोघर फिरले, ध्वनिक्षेपकावरून दवंडी दिली गेली. ओळखीच्या माणसाने दारात उभे राहून सांगितलेली गोष्ट टाळणे अवघड जाते.

मच्छीमारांचे गणित

सूचनेचा सर्वांत कठीण कस लागतो तो समुद्रावर. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. म्हणजे मेचा अखेरचा आठवडा हा हंगामातील शेवटच्या फेऱ्यांचा. डिझेल, बर्फ, शिधा यांवर पैसा गुंतलेला असतो, खलाशांचा हिशेब भागवावयाचा असतो, पुढचे दोन महिने घर चालवावयाचे असते. अशा वेळी समुद्रात न जाण्याची सूचना निघाली तर ती पाळणे म्हणजे वर्षाच्या कमाईतील एक मोठा घास सोडून देणे होय. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही हीच कथा. पावसाळ्यानंतरचा तो भर हंगाम असतो आणि वादळांचा दुसरा मोसमही तोच. मच्छीमार बेफिकीर असतो, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. तो तोट्याचा आणि धोक्याचा हिशेब मांडत असतो. त्यातील तोटा निश्चित असतो, धोका मात्र संभाव्य.

जे आधीच खोल समुद्रात गेले आहेत त्यांचे काय, हा प्रश्न आणखी बिकट. ‘फयान’ वादळाने ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडला. किनाऱ्याला लागण्यापूर्वी चक्रीवादळ म्हणून त्याचे वय पुरते एक दिवसाचेही नव्हते. समुद्रात असलेल्या नौकांना परतण्यास वेळच मिळाला नाही आणि रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांनी आपली माणसे गमावली. ‘ओखी’चे ३० नोव्हेंबर २०१७ रोजी चक्रीवादळ झाले, तेव्हा केरळ व तमिळनाडूतील हजारो मच्छीमार काही दिवसांच्या सफरीवर दूर गेलेले होते. तीनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्याच वेळी भरकटत आलेल्या साठाहून अधिक नौकांनी नऊशेहून अधिक मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर देवगड येथे आसरा घेतला. देवगड, जयगड यांसारखी नैसर्गिक आडोशाची बंदरे परक्या नौकांसाठीही आधार असतात, याचा तो प्रत्यय होता.

नौकेवरील बिनतारी संचाचा पल्ला काही दशक किलोमीटरांपलीकडे जात नाही आणि मोबाइल त्याहून आधीच मुका होतो. ‘ओखी’नंतर उपग्रहाद्वारे संदेश पोचविणारी उपकरणे विकसित झाली, ती याच उणिवेमुळे. पण येथेही यंत्राच्या पुढे माणूस असतोच. रत्नागिरीकडील नौकांवर नेपाळपासून आलेले खलाशी काम करतात. संदेश मराठीत आला तर तांडेलाला कळेल. समुद्र नवा, भाषा नवी, अशा खलाशाला त्याचे गांभीर्य कोण समजावणार? गुजरातमध्ये ९ जून १९९८ रोजी पोरबंदरजवळ धडकून कांडल्याकडे गेलेल्या वादळात हजाराहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत मिठागरांत आणि बंदरालगतच्या सखल वस्त्यांत राहणाऱ्या मजुरांचा मोठा भरणा होता. बाहेरून पोटासाठी आलेला माणूस गावच्या दवंडीच्या वर्तुळात बहुधा नसतो. सूचनेची यादी करताना तोच प्रथम विसरला जातो.

मोठ्या आस्थापनांनाही हा मोह सुटलेला नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे सरकत असताना मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा २६१ माणसांचा तराफा नांगरलेला होता. इशारे काही दिवस आधीपासून निघत होते. नांगर तुटले, तराफा भरकटला, १७ मे रोजी बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगारांचा अंत झाला. नौदल व तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रातून १८० हून अधिक जणांना वाचविले नसते, तर हा आकडा कोठे गेला असता, याची कल्पनाच केलेली बरी. ज्याच्या हातात वेळ, साधने आणि रोजचा हवामान अहवाल असतो, त्यालाही काम अर्धवट टाकून निघण्याचा निर्णय जड जातो. मग एका नौकेच्या मालकाला किती दोष द्यावा?

हुकलेले वादळ

‘वायू’ वादळ जून २०१९ मध्ये वेरावळच्या बाजूला धडकणार, असा अंदाज होता. गुजरातमध्ये सुमारे तीन लाख लोकांना हलविण्यात आले. १३ जूनला वादळाने दिशा बदलली आणि ते समुद्रातच फिरत राहिले. पुढच्या वेळी घर सोडावयास सांगितले, तर त्या तीन लाखांतील किती जण निघतील?

हा प्रश्न सूचना देणाऱ्यांना सतत छळत असतो. वादळाच्या मार्गाचा अंदाज २४ तास आधी वर्तविला, तरी अलीकडील वर्षांत त्यात सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरची तफावत पडते. शास्त्राच्या दृष्टीने हे मोठेच यश आहे. पण अलिबाग आणि श्रीवर्धन यांच्यातील सरळ अंतर याच हिशेबातील आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे एकेका तालुक्याच्या दृष्टीने तो आकडा किती मोठा आहे, हे कळते. म्हणून इशारा नेहमी लांबलचक पट्ट्याला द्यावा लागतो आणि त्या पट्ट्यातील बहुसंख्य गावांच्या दृष्टीने तो ‘खोटा’ ठरतो. ‘निसर्ग’च्या दिवशी साऱ्या देशाचे डोळे मुंबईकडे लागले होते. कोविडची साथ ऐन भरात होती आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या उपचार केंद्रातील रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले होते. मुंबई वाचली आणि संध्याकाळपर्यंत ‘संकट टळले’ अशी वार्ता सर्वत्र पसरली. त्याच संध्याकाळी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत घरांवर कौले राहिली नव्हती. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या आणि ‘संकट टळले’ ही बातमी ऐकण्यास तेथे वीजही नव्हती. पोफळ लावल्यापासून उत्पन्न सुरू होण्यास सहा-सात वर्षे लागतात. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर जगणाऱ्या कुटुंबांचे वादळ त्या दुपारी संपले, असे म्हणता येत नाही.

हुकलेल्या वादळाचे स्पष्टीकरण लोकांना दिले गेले, तर विश्वास फारसा ढळत नाही. वादळ का वळले, किती अंतराने वळले, ते वळले नसते तर कोणती गावे पाण्याखाली जाऊ शकत होती, हे चार-आठ दिवसांत ग्रामसभेत सांगण्यासारखे आहे. आपल्याकडे मात्र वादळ वळले की सूचनेचे कागद दप्तरी जातात आणि गावाच्या पारावर तिची थट्टा तेवढी शिल्लक राहते. ‘वायू’नंतर चारच वर्षांनी, १५ जून २०२३ रोजी, ‘बिपरजॉय’ कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ आले. त्या वेळी एक लाखाहून अधिक लोक पुन्हा हलविले गेले आणि किनारा ओलांडतानाची मनुष्यहानी जवळजवळ पूर्णपणे टळली. म्हणजे एकदा घर सोडून परतलेली माणसे पुन्हा निघत नाहीत, हा सिद्धांत सर्वस्वी खरा नाही.

घर सोडताना

तरीही घर सोडणे कोणालाच रुचत नाही. कारणे फार जुनी व साधी आहेत. दाव्याला बांधलेली म्हैस कोठे न्यावी? भाताच्या बियाण्याची कणगी, घरातील किडूकमिडूक, देवघर यांवर नजर कोण ठेवणार? घरातील वृद्ध आजारी असतात. शाळेच्या ओल्या फरशीवर परक्यांच्या शेजारी रात्र काढण्यापेक्षा ‘माझे जे व्हायचे ते माझ्या घरात होऊ दे’ असे त्यांचे म्हणणे असते. पूर्वी कधी तरी याच घराने वादळ सोसलेले असते आणि त्या आठवणीवर मोठा भरवसा असतो. तो नेहमीच चुकीचा असतो असे नाही. पण मध्यंतरी घराभोवतीची झाडे वाढलेली असतात, वासे जुने झालेले असतात, चिऱ्यांच्या भिंतीवर कौलांऐवजी पत्रे आलेले असतात. उडालेला पत्रा हे वादळातील एक भयंकर शस्त्र आहे.

स्त्रियांचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो. बांगला देशात एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मृत्यू पावली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून बरेच जास्त होते. घरचा पुरुष बाहेर असताना त्याच्या संमतीवाचून मुलांना घेऊन निघावे की नाही, निवाऱ्यात आडोसा असेल की नाही, या विचारांत त्यांचा मोलाचा वेळ गेला. म्हणून निवारा केंद्रात स्वतंत्र शौचालय, लहानग्यांच्या दुधाची सोय आणि जनावरांसाठी जवळची उंच जागा या गोष्टी पुरेशा नसतील, तर सूचना कितीही अचूक असली तरी तिचा निम्मा उपयोग तेथेच संपतो. ‘निसर्ग’च्या वेळी यात कोविडची भर पडली. घरात राहा, असे अडीच महिने ऐकलेल्या माणसाला घर सोडा, असे एका दिवसात सांगावयाचे होते. तरीही महाराष्ट्र व गुजरात मिळून सुमारे एक लाख लोक हलले. शिवाय मृतांची संख्या एक अंकी राहिली.

ओडिशाचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो आणि तो योग्यच आहे. तेथे २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार बळी गेले. त्यानंतर राज्याने आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारले, किनाऱ्यावर आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारे बांधले आणि गावोगावच्या तरुणांना प्रशिक्षण दिले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ गोपालपूरला धडकले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक हलविले गेले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. या निवाऱ्यांत एरवी शाळा भरते, लग्ने लागतात. संकटकाळी जेथे जावयाचे ती जागा पायाखालची असते. कुलूपबंद, किल्ली तालुक्याच्या ठिकाणी असलेली इमारत निवारा म्हणून नकाशावर दाखविता येईल. भर पावसात लेकराला घेऊन निघालेल्या बाईला तिचा काही उपयोग नाही. बांगला देशाने १९७० च्या संहारानंतर हेच काम स्वयंसेवकांच्या बळावर केले. आज तेथे पंचाहत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक कर्णे व निशाणे घेऊन फिरतात आणि त्यांपैकी निम्म्या स्त्रिया आहेत. महाराष्ट्रासह पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांत राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात निवारे, भूमिगत वीजवाहिन्या व आगाऊ सूचनेची यंत्रणा ही कामे हाती घेण्यात आली. खांबांवरच्या तारांऐवजी भूमिगत वाहिनी आली, तर वादळानंतर गाव आठवडेच्या आठवडे अंधारात राहण्याचे प्रसंग उरणार नाहीत.

वादळ पाहण्याची हौस आणि वादळाचा डोळा

काहींना वादळाची भीती वाटत नाही, उलट त्याचे आकर्षण वाटते. इशारा निघाला की मुंबईत मरीन ड्राइव्हपासून जुहूपर्यंत लाटा पाहणाऱ्यांची गर्दी होते. ‘बिपरजॉय’ शेकडो किलोमीटर दूर असताना, १२ जून २०२३ रोजी, जुहूच्या समुद्रात उतरलेली चार मुले बुडाली. वादळ मुंबईला येणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते आणि ते खरेही होते. वादळ न येताही त्याच्या लाटा येतात, एवढाच तपशील पोचला नव्हता.

दुसरी चूक वादळ डोक्यावर असताना होते. पूर्ण विकसित चक्रीवादळाच्या मध्यभागी शांत प्रदेश असतो. त्याला वादळाचा डोळा म्हणतात. तो गावावरून सरकू लागला की, वारा एकाएकी पडतो, पाऊस थांबतो, क्वचित ऊनही पडते. वादळ गेले, असे समजून माणसे बाहेर येतात, छपरे पाहतात, गुरे शोधू लागतात. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने, तेवढ्याच किंवा अधिक जोराने सुरू होतो. पहिल्या वाऱ्याने खिळखिळी झालेली झाडे आणि भिंती या दुसऱ्या वाऱ्यात कोसळतात. अशा वेळी आतच राहावे आणि रेडिओवर वा मोबाइलवर सूचना मागे घेतल्याचे कळेपर्यंत दार उघडू नये.

रोजच्या रंगांची सवय

जुलै-ऑगस्टमध्ये हवामान विभाग जिल्हावार पिवळा, नारिंगी व लाल इशारा देतो, तो बहुतेक वेळा अतिवृष्टीचा असतो. वादळासाठी वापरलेले रंगही तेच असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो. शिवाय लाल इशाऱ्याच्या दिवशी शाळांना सुटी द्यावी आणि दिवसभर ऊन पडावे, असेही घडते. मग चहाच्या टपरीवर खात्याच्या नावाने विनोद सुरू होतात. पण पाऊस जिल्ह्यावर सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्याच दिवशी कुलाब्यास ७३ मिलिमीटर. कुलाब्याच्या रहिवाशाला त्या दिवशीचा कोणताही मोठा इशारा खोटाच वाटला असता.

रंगाचा अर्थ पावसाच्या आकड्यापेक्षा कृतीशी जोडलेला आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. खाडीकाठच्या खारजमिनीत राहणाऱ्याने नारिंगी रंगालाच बियाणे व कागदपत्रे माळ्यावर चढवावीत, दरडीखालच्या वाडीने त्याच दिवशी मुक्काम हलविण्याची तयारी करावी. समुद्रसपाटीपासून उंचावर, पक्क्या घरात राहणाऱ्याला तेवढी घाई नसते. एकाच रंगाचा अर्थ वाडीनिहाय निराळा आहे आणि तो पावसाळ्यापूर्वी गावातच ठरावयास हवा.

वादळ ओसरल्यानंतर होणारे मृत्यू बहुतांशी टाळता येण्यासारखे असतात. तुटलेल्या तारेवर पाय पडणे, ओल्या छपरावर चढून घसरणे, अर्धवट मोडलेले झाड तोडताना ते अंगावर येणे, अशी त्यांची कारणे असतात. वीजप्रवाह बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय लोंबकळणाऱ्या तारेला हात लावू नये आणि विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १०७७ आहे. समुद्रात अडकलेल्यांच्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. वादळात दूरध्वनीचे मनोरे प्रथम पडतात, त्यामुळे हे क्रमांक फिरवावयाचे ते वारा सुटण्यापूर्वीच. कोणती नौका किती खलाशांसह कोणत्या दिशेला गेली आहे, याची नोंदही मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यालयात त्याआधीच झालेली असली पाहिजे.